बंब कुठून निघतो?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या पत्रकात कापसाचा भाव आहे, थकीत कर्ज आहे, वीजबिल आहे. त्याच्या खाली आम्ही एक ओळ वाढवली : आगीचा बंब आणि रुग्णवाहिका. पत्रके वाटताना दोनतीन गावांत लोकांनी विचारले, "हा काय संघटनेचा विषय झाला? बंब नगरपालिकेचा, रुग्णवाहिका सरकारची. आपले त्यात काय?"

आपले काय ते सांगतो. वेचणीचा कापूस घरी येतो. भाव पडलेला असतो म्हणून आपण विकत नाही, थांबतो. बैठकीच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरतो आणि रात्री त्याच कापसावर लेकरे झोपवतो. वरून जाणारी वायर उंदराने कुरतडलेली. भिंतीपलीकडे चूल. अंगणात कडब्याची गंजी, तिला टेकून पऱ्हाटीचा ढीग, ढिगाला लागून गोठा. वर्षाची कमाई, ढोरांची वैरण आणि घरची माणसे एकाच काडीच्या अंतरावर. माल थांबवून धरणारा शहरातला व्यापारी गोदामाचा विमा उतरवतो. आपण कडी लावून झोपतो. भाव नसणे आणि घर जळणे यांचा संबंध हा असा आहे. म्हणून विषय संघटनेचा आहे.

कापसाची आग काय असते ते मुंबईने एकदा पाहिले आहे. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाचे जहाज उभे होते. त्यात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता आणि कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी होत्या. दुपारी आग दिसली. बंबवाले आले, शेकडो टन पाणी जहाजाच्या पोटात ओतले. आग विझली नाही. चार वाजून गेल्यावर जहाज फुटले, थोड्या वेळाने पुन्हा फुटले. शेकडो माणसे मेली. त्यात मुंबईच्या अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या आठवणीसाठी देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. बाबासाहेबांच्या जयंतीचाच तो दिवस, त्यामुळे आपल्याकडे तो कुणाच्या ध्यानात राहत नाही.

सांगायचा मुद्दा, कापूस वरून जळतो तसा पोटातून धुमसतो. दाबलेल्या कापसात पाणी आत शिरत नाही, वरूनच ओघळून जाते. वर विझल्यासारखे दिसते, आत निखारा जिवंत असतो आणि दुसऱ्या दिवशी वारा लागला की पुन्हा पेट घेतो. कडब्याच्या गंजीचेही तेच. ही आग विझवायची म्हणजे ढीग उपसायचा, फोडायचा, पसरायचा आणि पसरलेला भिजवायचा. त्याला पाणी तर लागतेच, पण माणसे, फावडी आणि वेळ जास्त लागतो.

आता आमच्यावर गुदरलेला प्रसंग. आमच्या एका कार्यकर्त्याच्या गावात हिवाळ्यात रात्री कापसाची खोली पेटली. पहिल्या पाच मिनिटांत पोरे बाहेर काढली, ढोरांचे दावे कापले. कुणीतरी १०१ फिरवला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "गाव आमच्या हद्दीत येते का?" मग साहेबांना विचारणे, मग ड्रायव्हरला उठवणे. बंब निघाला तो २८ किलोमीटरवरून. गावाच्या तोंडाशी आला तर रस्त्यात बैलगाड्या आणि एक नादुरुस्त ट्रॉली उभी. ती ढकलेपर्यंत आणखी वेळ गेला. फोनपासून पाण्याच्या पहिल्या धारेपर्यंत सव्वा तास. आणि ती धार दहा मिनिटे टिकली नाही. टाकी संपली.

बंबवाल्यांनी विचारले, विहीर कुठे आहे? विहीर शंभर पावलांवर होती, तुडुंब होती. पण गावची वीज आम्हीच बंद करायला लावली होती, कारण पेटलेल्या घरावर जिवंत तार लोंबत असताना पाणी मारणे म्हणजे बंबवाल्याचा जीव घेणे. वीज बंद म्हणजे मोटार बंद. डिझेल इंजिन गावात एकाकडे होते, ते पाच वर्षांपूर्वी भंगारात गेलेले. विहीर भरलेली, बंब उभा, आणि पाणी बादलीने. त्या रात्री खोली तर गेलीच, शेजारच्या दोन गंज्याही गेल्या. बंबावरच्या पोरांना आम्ही दोष देत नाही. ती भिजून काळी झाली होती आणि पहाटेपर्यंत आमच्याबरोबर ढीग उपसत होती.

हे सारे आम्ही मनात घोळवले, मग जाणकारांना विचारत फिरलो. साध्या बंबात साडेचार-पाच हजार लिटर पाणी असते. दोन नळ्या पूर्ण सोडल्या तर पाच-दहा मिनिटांत संपते. म्हणजे बंब हा पाण्याचा साठा नव्हे, तो पंप आहे. साठा गावाने दाखवायचा असतो. शहरात बंबाला पाणी भरून द्यायला टँकर मागून येतो, रस्त्याला पाण्याचे तोंड असते. खेड्यात विहीर, शेततळे, नाल्याचा बंधारा हेच ते तोंड, आणि तिथपर्यंत बंब जाईल असा रस्ता हवा.

पण बंब २८ किलोमीटरवरून का आला? गावाजवळ का नव्हता? याचे उत्तर दिल्लीत लिहून ठेवलेले आहे. १९९२ साली घटनेत दोन दुरुस्त्या झाल्या. त्र्याहत्तरावी पंचायतींसाठी, चौऱ्याहत्तरावी नगरपालिकांसाठी. दोघांना कामांची एकेक यादी दिली. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. त्यात सातवा विषय अग्निशमन सेवा. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. शेती आहे, कुक्कुटपालन आहे, वाचनालये आहेत, बाजार आणि जत्राही आहेत. आग नाही. २९ विषय लिहिणाऱ्याला खेड्यातले गवताचे छप्पर आणि कडब्याची गंजी आठवली नाही. इंडिया आणि भारत हा फरक आम्ही सांगतो तेव्हा लोकांना ती भाषणबाजी वाटते. इथे तो घटनेच्या दोन पानांत छापलेला आहे.

परिणाम असा की बंब नगरपरिषदेचा, महानगरपालिकेचा किंवा औद्योगिक वसाहतीचा असतो. राज्यात २००६ सालचा आग प्रतिबंधक कायदा आहे, राज्याचे अग्निशमन संचालनालय आहे, पण बंब, ड्रायव्हर आणि डिझेल स्थानिक संस्थेच्या पैशातून. त्या संस्थेच्या हद्दीबाहेर तो आला तर मेहेरबानी. केंद्राच्या अग्निशमन सल्लागार समितीने खेड्यात वीस मिनिटांत बंब पोचावा असे माप ठरवलेले आहे. वीस मिनिटांत पंधरा किलोमीटरच्या पुढे बंब जात नाही, आणि पंधरा किलोमीटरच्या आत ज्यांना बंब आहे अशी किती गावे या मांडवात बसली आहेत ते हात वर करून सांगा. ... बघा, मोजायला बोटेही जास्त होतील.

पैसा नाही असे कुणी सांगू नये. २०२३ साली केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवा वाढवण्यासाठी पाच हजार कोटींची योजना काढली. त्यातले आपल्या राज्याच्या वाट्याला आलेले किती बंब तालुक्याच्या पलीकडे गेले, हे आपण जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारणार आहोत.

आता दुसरी गाडी. १०८.

ही सेवा हैदराबादेत २००५ साली सुरू झाली आणि महाराष्ट्रात २०१४ साली आली. आली तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ मोठ्या, कृत्रिम श्वासाच्या यंत्रासकट, आणि ७०४ साध्या, प्राणवायू आणि प्राथमिक औषधांच्या. आपल्या राज्याची एक चांगली गोष्ट म्हणजे गाडीत डॉक्टर ठेवला. बऱ्याच राज्यांत फक्त शिकवलेला तंत्रज्ञ असतो. पैसे लागत नाहीत. बरे वाटले की बरे म्हणावे. पण भागाकार करा. राज्यात साडेतीनशेहून अधिक तालुके. तालुक्यामागे सरासरी दोन-तीन गाड्या, आणि त्यातल्या पुष्कळ मोठ्या शहरांनी घेतलेल्या. गाडी तीस किलोमीटरवर असली आणि आपल्या रस्त्यावर ताशी चाळीसने चालली तरी यायला पाऊण तास. दवाखान्यात न्यायला आणखी पाऊण.

आपण हे अंतर कमी करू शकत नाही. पण फोनवरची पाच-सात मिनिटे वाचवू शकतो, आणि ती आपणच घालवतो. राज्यभरच्या फोनसाठी नियंत्रण कक्ष पुण्यात, अशी या सेवेची रचना झाली. तिथे बसलेल्या मुलीला 'पाटलाच्या वाड्यामागे' म्हणून काय कळणार? पिंपळगाव म्हटले तर कोणते? वडगाव म्हटले तर कोणते? एकेका जिल्ह्यात पाच-पाच आहेत. म्हणून आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग डांबरी रस्त्यावरचा फाटा. मग काय झाले ते, माणूस शुद्धीवर आहे का, श्वास चालतो का. फोन आपण होऊन ठेवायचा नाही. ठेवा म्हणेपर्यंत बोलत राहायचे. ज्याच्या फोनवरून लावला तो फोन मोकळा ठेवायचा, कारण नंतर गाडीतला डॉक्टर त्याच नंबरवर बोलतो. आपल्याकडे होते असे की एका अपघातासाठी वीस माणसे फोन लावतात आणि ज्याच्या नंबरवर डॉक्टर बोलू पाहतो तो मामाला, काकाला, सरपंचाला कळवत बसतो.

एका माणसाने विजेरी घेऊन फाट्यावर उभे राहायचे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत गाडी येणार नाही. ती रुतली तर पुढच्या रोग्यालाही मुकली. बाजेवर घालून डांबरीपर्यंत आपणच आणायचे. आणि गाडी फार लांब आहे असे कळले, तर डॉक्टरला फोनवर विचारून जीपमध्ये घालून समोरून निघायचे. मध्ये भेटले तर निम्मा वेळ वाचतो.

बाळंतिणीसाठी १०२ ची गाडी वेगळी आहे. तीही फुकट. तिच्यासाठी १०८ अडवू नका. मात्र बाई अडली असेल तर जी आधी येईल ती.

कापसाच्या मुलखात ही गाडी सर्वांत जास्त कशासाठी लागावी? साप आणि फवारणी.

सापाचे थोडक्यात सांगतो, कारण हे आपण आधीही बोललो आहोत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस चालते आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट आहे. आवळून बांधायचे नाही, कापायचे नाही, चोखायचे नाही. चावलेला हात-पाय हलवायचा नाही, चालवायचे नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखत फारसे नाही. पहाटे पोटात दुखते, डोळे मिटू लागतात, घरचे म्हणतात अपचन झाले. देवळात आणि मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

फवारणीवर मात्र थांबावे लागेल. २०१७ च्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, हवा कोंदट, पाठीवर पंप, आणि एका पंपात दोन-तीन औषधांची भेळ. माणूस घरी येतो, डोके धरतो, घाम सुटतो, लाळ गळते, डोळ्यांना अंधुक दिसते. आपण म्हणतो ऊन लागले, झोपवा. झोपवायचे नाही. कपडे काढायचे, साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवायचे, १०८ लावायचा. मिठाचे पाणी पाजून उलटी करवायची नाही. आणि औषधाची बाटली, डबा, पुडी, जे असेल ते बरोबर द्यायचे. प्रत्येक विषाचा उतारा वेगळा. एका जातीच्या औषधावर अॅट्रोपिन चालते, दुसरीवर त्याचा तसा उपयोग नाही. डॉक्टरला नाव कळले नाही तर तो लक्षणे बघत बसतो. दुकानदाराने बिल दिले नसेल, बाटलीवरचे अक्षर पुसले असेल, तरी बाटली द्या.

आणि एक गोष्ट आम्ही हलक्या आवाजात सांगतो, पण सांगतोच. कुणी औषध पोटात घेतले असेल तर घरचे लपवतात. पोलीस येतील, केस होईल म्हणून. "फवारताना लागले" असे खोटे सांगतात आणि डॉक्टर चुकीच्या वाटेने जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस भारी ताणाखाली होता असेच धरायचे आणि त्याच्यावर खटला भरायचा नाही असे ठरवले आहे. खरे सांगा. अपघाताचेही तसेच. रस्त्यावर पडलेल्याला उचलणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, त्याच्यावर खटला लादता येत नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीत कलम १३४ अ आहे, ते पाठ करा.

दवाखान्याने 'जागा नाही' म्हटले तर? हा झगडा एका शेतमजूर संघटनेने लढून ठेवला आहे. पश्चिम बंगालमधल्या खेत मजदूर समितीचा एक सभासद १९९२ साली रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. सरकारी दवाखान्यांनी एकामागून एक परत पाठवले. शेवटी खाजगीत पैसे भरून वाचला. समिती सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली निकाल लागला : सरकारी दवाखान्याने वेळेवर तातडीचे उपचार न देणे हा घटनेच्या २१व्या कलमाचा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे. त्याला पंचवीस हजारांची भरपाई मिळाली. शिवाय कुठे खाट मोकळी आहे हे कळण्याची व्यवस्था करा, रुग्णवाहिका ठेवा, असे न्यायालयाने सांगितले. १०८ च्या आधी कित्येक वर्षे हे एका शेतमजुराच्या दुखण्यातून लिहिले गेले. आपल्या राज्यात शेतकरी अपघातात मेला तर दोन लाख देणारी योजना आहे. ती असावीच. पण मेल्यावरचा अर्ज भरून घ्यायला टेबल आहे आणि मरू नये म्हणून यायला गाडी नाही, हा हिशेब आम्हाला पटत नाही.

परदेशात काय करतात तेही ऐका. जर्मनीत गावोगाव स्वयंसेवकांचे अग्निशमन दल असते. अमेरिकेत खेड्यापाड्यांतून काही लहान गावे आणि भोवतालची शेती मिळून एक अग्निशमन जिल्हा करतात. त्याचे मंडळ पुष्कळ ठिकाणी निवडून येते, घर-जमिनीच्या करातून त्याला स्वतःचा पैसा मिळतो. पुष्कळ ठिकाणी बंब आणि रुग्णवाहिका एका छताखाली, आणि तोच माणूस दोन्ही कामे शिकलेला. त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक हाका आगीच्या नसून आजारी माणसाच्या असतात. बंबावरचे निम्म्याहून जास्त लोक बिनपगारी. शेतातले, दुकानातले, हाक आली की हातातले काम टाकून पळणारे. सगळे आलबेल आहे असे नाही. तरुण शहरात गेल्याने तिथेही माणसे मिळेनाशी झाली आहेत. पण घेण्यासारखी गोष्ट ही की सेवेची हद्द गावाच्या वेशीवर न थांबवता बंब किती मिनिटांत पोचतो यावर आखायची.

आमची मागणी तीच आहे. महसूल मंडळाला एक ठाणे. त्यात एक लहान बंब, पांदणीच्या तोंडापर्यंत जाईल असा, आणि एक रुग्णवाहिका. नगरपरिषदेच्या बंबाला 'हद्द' विचारायची मुभा नको. गावाकडे गेल्याचा खर्च राज्याने भरावा. याचे निवेदन तयार आहे, बाहेर टेबलावर सह्या करा.

निवेदनाचा निकाल लागेपर्यंत गंज्या थांबणार नाहीत. कडब्याची गंजी तारेखाली रचू नका, दोन गंज्यांत बैलगाडी वळेल एवढी जागा ठेवा. कापसाच्या खोलीत दिवा-वायर नको, लेकरे तर नकोच. वेचलेल्या कापसात खडा, खिळा, लोखंडाचा तुकडा जाऊ देऊ नका. जिनिंगच्या यंत्रात त्याची ठिणगी पडते आणि तिथे आपलाच कापूस असतो. तारेच्या ठिणगीने आग लागली असेल तर तलाठ्याच्या पंचनाम्यावर भागत नाही. विद्युत निरीक्षकाची चौकशी मागा, त्याच्याशिवाय वीज कंपनी भरपाईला उभी राहत नाही. ट्रॅक्टरवरचा फवारणीचा एचटीपी पंप आणि पाचशे लिटरची टाकी पुष्कळांकडे आहे. टाकी धुऊन, पाणी भरून ठेवली तर बंब येईपर्यंत एक खोली सांभाळता येते.

पुढची बैठक वेचणी सुरू होण्याआधी आहे. येताना प्रत्येक गावाने एक कागद आणायचा. चालू डिझेल इंजिन कुणाच्या विहिरीवर आहे, तिथपर्यंत बंब जातो का, एचटीपी पंप कुणाकडे, जवळच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबर काय, रात्री लायनमनला कोण उठवणार आणि फाट्यावर विजेरी घेऊन कोण उभे राहणार. ज्या गावात इंजिन उरलेलेच नाही त्यांनी तसे लिहावे, आणि शेजारच्या गावाचे इंजिन यायला किती मिनिटे लागतात ते ट्रॅक्टर चालवून पाहून मगच आकडा टाकावा.